दीड तासावरचं कुवेत

आमच्या घरात कुवेत दीड तासावर होतं. हे मीच सांगितलेलं. घरात चौथी पास मी एकटी, त्यामुळं माझ्या हिशेबावर कोणी शंका घेतली नाही. आईला अक्षर येत नव्हतं. थोरली बहीण जनी दुसरीतून शाळा सोडून मिठागरावर जायला लागली होती. आणि सगळ्यांत थोरला भाऊ हरी, ज्याला आम्ही आगरी रीतीनं दादूस म्हणायचो, तो तर कुवेतलाच होता. बाप काविळीनं गेला आणि वर्षाच्या आत दादूस मुंबईच्या गोदीतल्या कोणा मुकादमाच्या ओळखीनं तिकडच्या बंदरात माल उतरवायच्या कामाला लागला. गावातून विमानात बसलेला तो पहिला माणूस. त्याला सोडायला अर्धं गाव बंदरापर्यंत आलं होतं. तिथून पुढं होडी होती, विमान नव्हतं, तरी आले होते.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या काठी. घर कुडाचं, मधे एक मातीची भिंत, भिंतीच्या पलीकडं माझा काका. बापाचा धाकटा भाऊ. एकाच आढ्याखाली दोन चुली. काकाचं आणि आईचं बोलणं बंद होतं. बाप गेल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात काकानं खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खारट जमिनीतल्या, शेताचा बांध आमच्या बाजूला हातभर सरकवला, असं आईचं म्हणणं. बांध उधाणात वाहून गेला होता, मी फक्त परत घातला, असं काकाचं म्हणणं. खरं काय ते मला आजही माहीत नाही. ते शेत आता विमानतळाच्या कुंपणाच्या आत आहे, त्यामुळं कोणाला मोजायलाही जाता येत नाही. बोलणं बंद म्हणजे समोरासमोर बंद. भिंतीतून चालू होतं. आई सुकट भाजता भाजता भिंतीला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायची. पलीकडून काका खोकायचा, आणि मग आपल्या बायकोला म्हणून जे सांगायचा ते आईसाठी असायचं. मला तेव्हा वाटायचं सगळ्याच घरांत भिंतीशी बोलतात.

दादूसचं पहिलं पत्र आलं ते मी ओट्यावर बसून वाचलं. आई, जनी, शेजारच्या बायका, सगळ्या भोवती. त्यात लिहिलं होतं, सकाळी आठ वाजता सांताक्रूझहून विमान सुटलं, साडेनऊला कुवेतला उतरलो, वाटेत नाश्ता दिला, पाव बरा होता, अंडं नरम होतं. पुढं खोलीचं, मुकादमाचं, उन्हाचं वर्णन. आईनं बाकीचं काही ऐकलं नाही. तिनं विचारलं, "आठ ते साडेनऊ, म्हंजे किती झाला?"

मी बोटंसुद्धा न मोजता सांगितलं, "दीड तास."

"दीड तास म्हंजे?"

आमच्या घरात घड्याळ नव्हतं. वेळ कळायची ती भरती-ओहोटीवरून आणि मिठागराच्या भोंग्यावरून. घड्याळ होतं शाळेत, गुरुजींच्या डोक्यावर, आणि ते वाचायला मी चौथीत शिकले होते. मी म्हणाले, "आपून पनवेलच्या बाजारान चालत जातो ना, तवडा."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "मंग कनाला रडत बसलो आपून?"

आता यात हसण्यासारखं आहे हे मला कळतं. पण आम्ही अंतर कशानं मोजायचो तेही बघा. आईचं माहेर उरणच्या बाजूला. होडीनं जायचं तर एक अख्खी भरती, म्हणजे सहा तास, लागायची, वारा पडला तर दीड भरती. म्हणजे आईच्या हिशेबानं तिचा भाऊ तिच्यापासून जितका लांब होता, त्याच्या पाव वाटेवर तिचा मुलगा होता. विमान आम्ही लांबून बघितलेलं, आभाळात भाताच्या लोंबीएवढं. ते किती जोरात जातं याची कल्पना करायला आमच्याकडं काही नव्हतं. होडीपेक्षा जोरात, एसटीपेक्षा जोरात, एवढंच. दीड तासात ते कुठंही जाईल असं वाटत होतं.

त्या दीड तासानं आमचं घर सावरलं हे मात्र खरं. बाप गेल्यापासून आई जेवताना पहिला घास हातात धरून बसायची. ते थांबलं. ती कोलीम, ती जवळ्यासारखी बारीक कोळंबी, घालून वांगी करायची, दादूसला आवडायची म्हणून, आणि म्हणायची, आता डबा दिला तर गरम पोचंल. कोणी विचारलं पोरगा कुठं असतो, तर हात पनवेलकडं करायची. पनवेल पूर्वेला आणि कुवेत पश्चिमेला, पण तिला ते कोण सांगणार, मलाच माहीत नव्हतं. भिंतीपलीकडून काका म्हणायचा, "दीड तासावर हाय तं दुपारचा जेवाया कनाला येत नाय?" आई भिंतीला उत्तर द्यायची, "कामाचा हाय तो. काय जना बांध सरकवाया रिकामं बसलेली असतान, तसा नाय."

एकदा दादूसनं लिहिलं, इथं रेडिओवर मुंबई लागतं, तिकडच्या संध्याकाळी सातच्या बातम्या लागतात तेव्हा इथं चांगलं ऊन असतं. मी ते मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "वालवंट हाय ता, उन जास्तच आसनार." जनीनं मान हलवली. मीही हलवली. चौथी पास असून हलवली.

आता मी उलव्याला मुलाच्या फ्लॅटमधे राहते, नवव्या मजल्यावर. खिडकीतून विमानं उतरताना दिसतात, पोटाखालची चाकं मोजता येतात. नात फोनवर बोट फिरवून दाखवते, आजी हे बघ, हे विमान आत्ता कुठून आलं, किती किलोमीटर आलं, किती वेळ लागला, तिकडं आत्ता किती वाजले. दोन्ही गावांची घड्याळं शेजारी शेजारी. मी एकदा तिला कुवेत काढायला लावलं. पावणेतीन हजार किलोमीटर निघालं. ती म्हणाली, तुला कुवेतशी काय करायचंय? मी म्हटलं, काही नाही, एक हिशेब तपासायचा होता.

दादूस जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा जनीचं लग्न ठरलं. मुलगा खाडीच्या पलीकडचा, मासळीचा धंदा, स्वतःची होडी. लग्न आमच्या दारात. पोरीचं दान द्यायला पाटावर बसणार कोण, हा प्रश्न आला. बाप नाही, आई विधवा. रीतीप्रमाणं तो मान काकाचा. गावची चार माणसं बैठकीला आली तेव्हा काका न बोलावता आला आणि खांबाला टेकून बसला. पाटील म्हणाले, चुलता हाय, प्रश्नच नाय. आई आतल्या दारात उभी होती. डोक्यावरचा पदर पुढं ओढून तिनं तिथूनच सांगितलं, "माज्या पोरीचा हात ज्यानी माजा बांध फोडला त्याच्या हातान जानार नाय. माजा हरी येनार हाय."

"हरीचा लगीन नाय झाला," कोणीतरी म्हणालं. "एकला कसा बसंल?"

"सुपारी खोचून बसंल. भट बोलला चालतंय." एकटा पुरुष कमरेला सुपारी लावून पाटावर बसू शकतो, हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं.

काका उठला. धोतर झटकलं. जाताना एवढंच म्हणाला, "येऊंदे इमानवाल्याला. मी बी बगतो."

त्याच आठवड्यात दादूसचं पत्र आलं. रजा मिळाली, पण कंपनीनं तिकीट काढलं ते एकाच दिवसाचं, आधी नाही नंतर नाही. त्या दिवशी सकाळी साडेसहाला कुवेतहून विमान सुटेल. आईनं भटजींना विचारलं, तोच दिवस लग्नाला चांगला निघाला. मुलाकडच्यांनी मुहूर्त दुपारी बाराचा मागितला. कारण अमावास्येच्या जवळचा दिवस, भरती बाराला. वऱ्हाड भरतीबरोबर होड्यांनी येणार, जेवून पाणी उतरायच्या आत निघणार. आमच्या बंदरात ओहोटीला नुसता चिखल, होडी अडकली की मध्यरात्रीच्या भरतीपर्यंत हलत नाही. आईनं मला विचारलं, "बारा वाजंपरत येल ना?"

मी हिशेब केला. साडेसहा अधिक दीड, आठ. आठला सांताक्रूझ. सामान तपासायला तास. मग टॅक्सीनं नव्या पुलावरून पनवेलच्या रस्त्यानं, मग फाट्यावरून पायी. "आकरा वाजता दारात," मी म्हणाले.

"पक्का?"

"पक्का."

तिनं बाराचा मुहूर्त कबूल केला. मी दादूसला तसं पत्र टाकलं. ते पत्र कुवेतला पोचलं तेव्हा तो तिथून निघाला होता, हे नंतर कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवसापासून धवलारीण येऊन बसली होती. आमच्यात लग्न लावायला भट असतो, पण लग्न चालवते ती धवलारीण. म्हातारी बाई, एकामागून एक धवले गाते, देवांना बोलावते, खाडीला बोलावते, मेलेल्या वाडवडलांना बोलावते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय हळदीची वाटीसुद्धा उचलत नाहीत. तिचा आवाज बारीक आणि सरळ, चिंचेच्या काठीसारखा. हळदीचे वडे तळून अंगणभर तेलाचा वास. जनीच्या अंगावर हळद सुकून भेगा पडल्या होत्या आणि ती हसली की त्या तडकायच्या. ती फार हसत होती. मी तिला म्हणाले, "सासरी चाललीस ना, रड थोडी." ती म्हणाली, "दादूस आला की रडन. आताच रडून संपवू काय?"

दिवस उजाडला. मांडवाच्या खांबाला गुरुजींनी शाळेचं घड्याळ आणून टांगलं होतं, आईनंच मागवलं होतं, मुहूर्तासाठी. मी त्याच्याखालून हलले नाही. आठ वाजले तेव्हा मी आईला जाऊन सांगितलं, "उतरला." तिनं देवाला नमस्कार केला आणि परत तांदूळ निवडायला लागली. नऊला सांगितलं, "टॅक्सीत बसला." दहाला सांगितलं, "पूल वलांडला." बायका हसायच्या, म्हणायच्या, ही तं त्याच्या मांडीवरच बसून आली. मलाही बरं वाटत होतं. एवढं महत्त्व मला आयुष्यात आधी कोणी दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

अकरा वाजले. वऱ्हाड आलं, तीन होड्या, ताशा वाजत. काका धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून मांडवाच्या कोपऱ्यात बसला होता. कोणी बोलावलं नव्हतं, पण मांडव त्याच्याही दारात होता. साडेअकरा झाले. फाट्याच्या वाटेवर दोन पोरं उभी केली होती, ती नुसतीच परत आली. काका घड्याळाकडं बघून टोपी सरळ करायचा. आई आतून तीनदा बाहेर येऊन गेली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, वाटेकडं बघितलं.

गुरुजी साताऱ्याकडचे होते. छत्री काखेत घेऊन माझ्याजवळ आले. "काय गं यशोदा, तोंड का उतरलंय?"

मी सगळा हिशेब सांगितला. शाळेत पाढे म्हणायची तसा.

गुरुजींनी छत्री खाली ठेवली. "दीड तास तुला कुणी सांगितलं?"

"दादूसनी लिवलाय. आठला निघाला, साडेनवाला पोचला."

"अगं, पण साडेनऊ कुठल्या घड्याळात? तिकडच्या का इकडच्या?"

मला प्रश्नच कळला नाही. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. मी तसं म्हणाले. गुरुजी खाली उकिडवे बसले, अंगणातल्या मातीत बोटानं गोल काढला, एका कडेला काडी रोवली. म्हणाले, सूर्य आधी आपल्याकडं उगवतो, मग त्यांच्याकडं. आपल्याकडं सकाळ झाली तरी त्यांच्याकडं अंधार असतो. म्हणून त्यांची घड्याळं मागं लावलेली. तुझ्या भावानं तिकडं उतरल्यावर काटे मागं फिरवले असणार.

"किती मागं?"

"ते बघावं लागेल. त्यानं आणिक काय लिहिलंय का वेळेबद्दल?"

मी रेडिओचं सांगितलं. संध्याकाळी सातच्या बातम्या आणि ऊन. तोंडातून बाहेर पडताना ते वाक्य पहिल्यांदा मी स्वतः ऐकलं. गुरुजींनी डोकं हलवलं. त्यांच्याकडं शाळेचं नकाशाचं पुस्तक होतं, त्यात बघून आले. अडीच तासांचा फरक, म्हणाले. म्हणजे जाताना दीड नव्हे, चार तास लागले. आणि येताना चार तास उडायचे, वर अडीच तास घड्याळाचे. साडेसहाला निघालेला माणूस इथल्या घड्याळात एक वाजता उतरेल. तिथून तुझे तीन तास आणि दुपारच्या रस्त्याचा एक जास्त धरला तर दारात यायला पाच.

पावणेबारा झाले होते.

सूर्य सगळीकडं एकदम उगवत नाही हे मला तेव्हा कळलं, वयाच्या तेराव्या वर्षी, बहिणीच्या लग्नाच्या मांडवात. गुरुजींनी ते चौथीत शिकवलं असेलही. त्या दिवशी मी बहुतेक मिठागरावर आईला भाकर द्यायला गेले असेन. क्षणभर वाटलं गप्प बसावं. आपोआप बारा वाजतील, एक वाजेल, विमान बिघडलं असं म्हणता येईल. विमान काय सांगायला येणार नव्हतं. पण आई तोपर्यंत वाटेकडं बघत राहिली असती आणि पाणी उतरून गेलं असतं.

मी चुलीपाशी गेले. आई मोठ्या टोपातला वालाचा रस्सा ढवळत होती. मी म्हणाले, "आये, माजा इसाब चुकला."

"किती चुकला?"

"सहा तास. दादूस पाच वाजता येनार."

तिचा हात थांबला. "आनि दीड तास?"

"ते बी चुकला. चार तास लागतान."

मला वाटलं मारेल. तिच्या हातात पळी होती. तिनं ती टोपाच्या काठाला टेकवून ठेवली, नीट, पडणार नाही अशी. म्हणाली, "म्हंजे दोन वरसा तो लांबच व्हता." मग पदर खोचला आणि बाहेर गेली. मी मागोमाग.

ती सरळ काकासमोर जाऊन उभी राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर. ताशावाले थांबले. धवलारीणसुद्धा एका ओळीवर थांबली.

"भावजी," आई म्हणाली, "पाटावर बसा."

काका बसल्या जागेवरून वर बघत म्हणाला, "कनाला? इमान बुरला काय?"

"पोरीचा इसाब चुकला. हरी पाच वाजता येनार. भरती थांबनार नाय."

काकाला हेच हवं होतं. त्यासाठीच तो टोपी घालून सकाळपासून बसला होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो उठला, आणि मला वाटलं आता पाटाकडं चालायला लागेल. तो म्हणाला, "परवा आख्ख्या गावासमोर मी बांध फोडनारा व्हतो. आज पानी उतराया लागला तं मी चुलता झालो? मी नाय बसनार."

"भावजी, पोरीचा लगीन हाय."

"मना दिसतंय."

नवऱ्याचा बाप मधे पडला. चांगला माणूस होता, पण घाबरलेला. "तुमचा काय ते घरान भांडा. दोन वाजल्यावर माज्या होड्या चिखलान बसतीन. बायका-पोरा हायेत संगती. रातच्याला त्यांना कुठं नेऊ?"

काका त्याच्याशी बोलला नाही. माझ्याकडं वळला. "काय गो मास्तरीन, आता तरी बरोबर हाय काय? पाच?"

मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "पाच-सव्वापाच. विमान वेळेवर असलं तर."

"भट, संध्याकालचा मुहूरत निगंल?"

भटजी म्हणाले, गोरज मुहूर्त आहेच की, गाई परतायच्या वेळेचा. तो सगळ्यांना चालतो.

"मंग होड्या मी नेतो," काका नवऱ्याच्या बापाला म्हणाला. "आता भरतीवर काढतो, खाली खाडीच्या खोल पान्यान नांगर टाकतो. तितं ओहोटीला बी होडी तरते. लगीन लागला की बांधावरशी चालत या. तीन होड्या हायेत, लाटंन एकमेकीवर आपटतीन, कोनीतरी राह्याला पायजे. मी राहतो."

गावात त्या खाडीचा तळ काकाइतका कोणाला माहीत नव्हता. ओहोटीत खोल पाणी कुठं उरतं, कुठला चिखल माणसाला पेलतो आणि कुठला गिळतो, हे तो डोळे मिटून सांगायचा. पण म्हणजे लग्न लागताना तो मांडवात नसणार होता. हे आईला कळलं, मला कळलं, सगळ्यांना कळलं. आई काहीतरी बोलणार होती. त्यानं बोलू दिलं नाही. टोपी काढली, घडी घालून बायकोच्या हातात दिली, धोतर वर खोचलं आणि बंदराकडं चालता झाला.

वऱ्हाडाला जेवायला घालून टाकलं. लग्नाआधी जेवण, आमच्या गावात असं आधी झालं नव्हतं. मुलाकडची एक म्हातारी नाक मुरडून म्हणाली, आमच्यात अक्षता पडल्यावर खातान. धवलारीण तिला म्हणाली, "मंग तू उपाशी ऱ्हा, मना वाढा," आणि दोन वेळा भात घेऊन परत गायला बसली. ती पाच तास गात होती. सगळे देव संपले तेव्हा तिनं गावातल्या विहिरींना बोलावलं, मग झाडांना. शेवटी शेवटी विमानालाही बोलावलं, चालीत बसवून, "ये रे पाखरा पोटान मानूस घेऊन" असं काहीतरी. लोक हसून लोळले. आई हसली नाही, पण तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा मोडून तिनं माझ्या हातात ठेवला. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी दादूस फाट्याच्या वाटेवर दिसला. डोक्यावर बॅग, हातात दुसरी बॅग, पायात बूट, अंगात कोट. धुळीनं पांढरा झालेला. तो मांडवाशी आला आणि विचारलं, "लागला काय लगीन?" जनीनं त्याला बघितलं आणि कबूल केल्याप्रमाणं रडायला लागली. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला नाही की मिठी मारली नाही. आमच्यात तसं करत नाहीत. म्हणाली, "पाय धू. सुपारी खोच. पाटावर बस."

गाई घरी परतत होत्या तेव्हा अक्षता पडल्या. दान दादूसनं दिलं, कोटावरच, कमरेला सुपारी लावून. बूट तेवढे काढले होते.

मग वऱ्हाड बांधावरून निघालं. पाणी उतरून गेलं होतं आणि खाडीचं पोट उघडं पडलं होतं, काळं, चकचकीत, खेकड्यांची भोकं पडलेलं. लांब मधल्या धारेत तीन होड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामधे काका कमरभर पाण्यात, एका हातानं एकीला, दुसऱ्या हातानं दुसरीला ढकलून धरलेला. पाणी उतरल्यापासून तसाच असावा. बांध जिथं संपतो तिथून होडीपर्यंत चिखल. पुरुष उतरून चालत गेले. बायकांना उचलून न्यायला लागलं आणि त्या चिखलातून वाट फक्त काकाला माहीत. त्यानं मुलाकडच्या त्या नाक मुरडणाऱ्या म्हातारीला नेलं, मग दुसरीला, मग पोरांना, दोन दोन करून. शेवटी राहिली जनी. हिरवी साडी, मुंडावळ्या, अंगावर हळद. दादूस कोटाच्या बाह्या वर सारून पुढं झाला. काका म्हणाला, "तू नको. पाय टाकशील थितंच बसशील." मग त्यानं जनीला पाळण्यातल्या पोरासारखी दोन्ही हातांवर उचलली आणि चिखलातून, पाण्यातून नेऊन नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्यानं वरून घेतली. काकाचे हात तसेच वर राहिले थोडा वेळ.

आई माझ्या शेजारी बांधावर उभी होती. दिवस मावळत होता. होड्या वळल्या तसं ती मला म्हणाली, "त्याला बोल, हातपाय धुऊन आमच्याकडं जेवाया ये."

मी बांधावरून ओरडून सांगितलं. तो आला. हात-पाय धुतले तरी चिखल नखात राहिला होता. दादूसच्या शेजारी पाटावर बसला. आईनं वाढलं. वालाचा रस्सा त्यानं दोनदा मागून घेतला. दादूस कुवेतचं सांगत होता, तो ऐकत होता, मधेच विचारत होता तिथं खाडी हाय काय. बांधाबद्दल आईनं एक शब्द काढला नाही.

तो शब्द तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. भिंतीकडं नाही, त्याच्या दारात उभी राहून, तोंडावर.